चष्माबाईंचा उजवा डोळा

आमच्या वहिनीने आयुष्यात कधी खाली पडलेली वस्तू डोळे उघडे ठेवून उचलली नाही. चमचा पडू दे, किल्ली पडू दे, माझी सुई पडू दे. बाई आधी डोळे गच्च मिटणार, मग वाकणार, मग जमिनीवर हात फिरवत चाचपडणार, आणि वस्तू हाताला लागली की सरळ उभी राहून डोळे उघडणार. वर येताना टेबलाच्या कडेवर डोकं आपटून घ्यायची ते वेगळंच. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, दादाने मुलगी बघताना नीट चौकशी केलेली नाही. आईला मी तसं बोलूनही दाखवलं. आई म्हणाली, "तू गप्प बस. ती प्रयोगशाळेत कामाला आहे." प्रयोगशाळेत कामाला असणाऱ्यांना सगळं माफ असतं हे मला तेव्हा कळलं.

नंतर उलगडा झाला तो असा. वहिनी लेसरच्या खोलीत काम करायची. तिथे टेबलाच्या जरा वरून प्रकाशाची रेघ जायची, आणि त्या उंचीला डोळा नेणं म्हणजे डोळ्यावर पाणी सोडणं. म्हणून तिथला पहिला नियम, वाकायचंच असेल तर डोळे मिटून वाका. नियम त्या खोलीपुरता होता. पण वहिनीच्या अंगात एकदा काही भिनलं की ते दाराबाहेर ठेवून येणं तिला जमत नसे.

मी तिची नणंद. माझं शिवणकामाचं दुकान आहे आणि माझं तोंड कात्रीसारखं चालतं असं लोक म्हणतात. म्हणू देत. माझा संसार काही टिकला नाही, मी माहेरी परत आले ती कायमचीच. मग आई गेली, काही वर्षांनी दादा गेला, भाचा नोकरीसाठी लांब गेला आणि तिथून फोनवर काळजी करू लागला. उरलो आम्ही दोघी, एकमेकींच्या उरावर. सुरुवातीला ती मला "अहो वन्सं, तुम्ही" म्हणायची, पुढे "अगं वन्सं, तू" वर आली. हल्ली तिच्या तोंडून "अहो" आलं की मी समजते, बाईचं काहीतरी बिनसलंय.

आणि एक सांगायचं राहिलं. तिचा डावा डोळा लहानपणापासून आळशी. दिसायला छान, कामाला शून्य. त्याला उजेड कळतो, माणूस आहे की कपाट आहे इतपत कळतं, पुढे काही नाही. सगळा कारभार उजव्या डोळ्यावर. असा एकच चालता डोळा घेऊन बाई जगातल्या सगळ्यात डोळेखाऊ जागी कामाला लागली. मी एकदा विचारलं, "तुला दुसरी नोकरी मिळत नव्हती का गं?" तर म्हणाली, "सरळ रेघ बघायला एकच डोळा लागतो."

ती लागली तेव्हा त्या प्रयोगशाळेत लेसर नव्हताच, बनवायचा होता. एक लांबट खोली, भिंतींना काळा रंग, खिडक्यांना काळे पडदे, दारावर लाल दिवा आणि मधोमध एक भलीमोठी दगडी लादी. ती लादी ठेवली होती स्कूटरच्या टायरमधल्या हवा भरलेल्या ट्यूबांवर, म्हणजे बाहेरून ट्रक गेला तरी वरचं सामान थरथरायला नको. रोज सकाळी पंप घेऊन त्या ट्यूबांत हवा मारणं हे वहिनीचं पहिलं काम. यंत्रदुरुस्तीचं शिक्षण पहिल्या वर्गात पास होऊन बाई पंक्चरवाल्याचं काम करत होती. दादा संध्याकाळी मुद्दाम विचारायचा, "काय, आज किती सायकली?"

दुसरं काम आरसे बसवण्याचं, आणि त्यात मात्र तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिने मला एकदा जेवणाच्या टेबलावर दोन ताटल्या समोरासमोर उभ्या धरून समजावलं होतं. मध्ये माणकाची कांडी, खाणीतलं माणिक नव्हे, कारखान्यात बनवलेलं. तिच्याभोवती दिवा. दिवा झपकन पेटला की कांडीत उजेड भरतो. दोन टोकांना दोन आरसे. तो उजेड आरशांच्या मधे येरझाऱ्या घालतो, दर फेरीला अंग धरतो आणि शेवटी एका आरशातून सुईसारखा बारीक होऊन बाहेर पडतो. आरसा केसभर तिरका बसला तरी सगळं मुसळ केरात. "म्हणजे आपल्या भांडणासारखं," मी म्हटलं. "अगदी समोरासमोर उभं राहिल्याशिवाय रंगत नाही." वहिनीला हे इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी तिने ते खोलीत सगळ्यांना सांगितलं, आणि नव्या लोकांना लेसर म्हणे तसाच शिकवू लागले.

शेवटी एकदाचा तो लाल लेसर चालला. पण त्याचा जोर किती हे मोजायचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं. मग तिथल्या मोठ्या साहेबांनी युक्ती काढली. दाढीची ब्लेडं एकामागे एक उभी करायची आणि एका झटक्यात किती ब्लेडांना भोक पडतं ते बघायचं. ब्लेडं कुठून गेली असतील? आमचा दादा रोज सकाळी न्हाणीघरातून बोंब मारायचा, "अरे, माझी ब्लेडं कोण खातंय?" एकदा तर घाईत त्याने भोक पडलेलंच ब्लेड लावलं आणि गाल सोलून घेतला. कचेरीत लोकांनी विचारलं, घरी भांडण झालं का? तो म्हणाला, "नाही हो, विज्ञान झालं."

त्या काळात डोळ्यांवर लावायचे रंगीत चष्मे थोडे आणि माणसं जास्त. म्हणून त्यांनी एक पद्धत पाडली होती. लेसर उडवणारा मोठ्याने म्हणणार, एक, दोन, तीन, आणि तीनला खोलीतल्या झाडून सगळ्यांनी डोळे मिटायचे. पुढे चष्मे आले तरी पद्धत राहिली ती राहिलीच.

मग तो अपघात झाला. मोठे साहेब भला माणूस, वहिनीला लेकीसारखं मानायचे. एक दिवस कोणीतरी हातातलं घड्याळ न काढता रेघेजवळ हात नेला. घड्याळाच्या चकचकीत पट्ट्यावरून एक ठिणगीएवढा उजेड उसळला आणि साहेबांच्या डोळ्यात गेला. दुखलं नाही, रक्त नाही, काही नाही. पण त्या डोळ्याच्या मधोमध कायमचं भोक पडलं. ते हसून म्हणायचे, "वाचायला गेलो की जे अक्षर बघावं तेच पळून जातं." ते हसायचे, वहिनी घरी येऊन रडायची. तेव्हा मी तिला पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. दोन डोळ्यांच्या माणसाचं हे, मग आपल्या एकाचं काय, असा तिने धसका घेतला.

दुसरी असती तर नोकरी सोडून घरी बसली असती. हिने काय करावं? दाराबाहेर खिळे ठोकले, खिळ्यांना चष्मे टांगले आणि शेजारी एक डबा ठेवला. अंगठी, घड्याळ, गळ्यातलं, जे जे चकाकतं ते डब्यात, चष्मा डोळ्यांवर, मगच पाऊल आत. जो विसरेल त्याच्यावर ती "चष्मा!" म्हणून अशी खेकसायची की माणूस जागच्या जागी थिजायचा. तिचं नावच चष्माबाई पडलं. एकदा नळ गळत होता म्हणून प्लंबर आला, त्यालाही तिने चष्मा लावला. वीज गेलेली, लेसर बंद, पण नाही म्हणजे नाही. त्या बिचाऱ्याला चष्म्यातून गळती दिसेना आणि बाई चष्मा काढू देईना. शेवटी दोघांनी मिळून नळाला हात लावून गळती शोधली.

त्यांच्या विभागाचा एक फोटो आमच्या बाहेरच्या खोलीत टांगलेला आहे. लेसर यशस्वी झाला म्हणून वरून खास फोटोग्राफर पाठवला होता. सगळे ठेवणीतले कपडे घालून रांगेत उभे. फोटोग्राफर म्हणाला, "हं, तयार? एक, दोन, तीन!" झालं! तीनला अख्ख्या विभागाने डोळे मिटले. साहेबांनी मिटले, वहिनीने मिटले, एकूण एक सगळ्यांनी. बिचाऱ्याने पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. फोटोत सगळे छाती पुढे काढून, अभिमानाने, गाढ झोपेत उभे आहेत. पाहुणे विचारतात, ही कसली प्रार्थना चाललीय?

पुढे लेसर बदलत गेले आणि दर नव्या लेसरबरोबर आमच्या घरात काहीतरी नवीन तमाशा झाला. काचेच्या नळीतला बारीक लाल लेसर आला, तो सतत तेवणारा. तो एका सुट्टीला रीतसर परवानगी काढून तिने घरी आणला आणि भिंतीवर रेघ पाडून दादाने लावलेली फळी वाकडी आहे हे सिद्ध केलं. दादाला ते शेवटपर्यंत लागलं होतं. मग आला न दिसणारा, नुसत्या उष्णतेचा लेसर. तो पत्रा कापायचा, लाकूड कापायचा आणि कापडही कापायचा. वहिनी माझ्यासाठी त्याने कापलेला पॉलिएस्टरचा एक तुकडा घेऊन आली. कड अशी बंद झालेली की एक दोरा निघेना. मी म्हटलं, "वहिनी, हे यंत्र तुझं असेल, पण पाय ते माझ्या पोटावर देणार." ती म्हणाली, "अगं, ते सरळ कापतं. पोट सुटलेल्या माणसाला बसेल असं कापायला तूच लागणार." खोटं कशाला बोलू, त्यावर मी खूश झाले.

आणि मग आला हिरवा लेसर. तो कपाटाएवढा होता, त्याला थंड ठेवायला नळाचं पाणी सतत फिरवावं लागे आणि तो चालू झाला की त्या इमारतीतल्या संडासांना पाणी यायचं नाही. पण त्याच्यावर सगळ्यांचा जीव, कारण तो डोळ्यांसाठी होता. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला जो पडदा असतो, तो कुठे फाटला तर त्या लेसरने बारीक बारीक डाग देऊन चिकटवता येतो. जो उजेड डोळा घालवतो, तोच मोजून मापून दिला तर डोळा वाचवतो. प्रयोगशाळेने ते यंत्र डोळ्यांच्या दवाखान्याला दिलं, आणि आरसे बसवून द्यायला वहिनी गेली. पहिला पेशंट बसला, डॉक्टरांनी यंत्र लावलं, सगळे कौतुकाने बघायला गोळा झाले. रात्री जेवताना दादाने विचारलं, "कसा दिसला गं?" वहिनी म्हणाली, "मला काय माहीत? मी भिंतीकडे तोंड करून उभी होते." स्वतःच्या हाताने बसवलेला उजेड कुणाच्या डोळ्यात शिरताना तिला बघवेना. पुढे तिने अशी कितीतरी यंत्रं बसवून दिली. प्रत्येक वेळी भिंतीकडे तोंड.

मग बाई रिटायर झाली, दादा गेला, आणि आमचे दिवस बरे चालले होते. मी दुकानात, ती घरात दुरुस्तीला रेडिओ उघडून बसलेली. असं असताना एक दिवस मी दुकानातून आले तर न्हाणीघरातला आरसा भिंतीकडे तोंड करून टांगलेला. मला वाटलं, साफ करताना उलटा लागला असेल. सरळ केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उलटा. स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यांवर फडकी टाकलेली, चमचे ड्रॉवरमध्ये, माझी चांगली मोठी कात्री उशीखाली.

"वहिनी, हे काय आरंभलंयस?" मी ओरडले.

"कुठून तरी उसळतंय गं," ती म्हणाली. "उजव्या बाजूने झपकन उजेड येतो. काहीतरी चकाकतंय घरात. सापडत नाहीये."

मीही मूर्ख, तिच्याबरोबर शोधायला लागले. पडद्याच्या कड्या बघितल्या, दाराची मूठ बघितली, समोरच्या घराची खिडकी बघितली. तिने मला शिलाई मशीनचं चाकसुद्धा झाकायला लावलं. मध्येच म्हणायची, चष्म्यावर काजळीसारखे ठिपके आहेत. मी चष्मा पुसून द्यायची. ठिपके तिथेच. मी म्हणायची, नंबर बदलला असेल. संध्याकाळी सगळे पडदे ओढून, दिवे मालवून आम्ही दोघी अंधारात बसलो, कुठून उजेड उसळतो ते धरायला. वहिनी दोन्ही हातांनी डोळे झाकून बसली होती, मी म्हणेन तेव्हा उघडायचे असं ठरलं होतं.

"आत्ता!" ती म्हणाली. "आत्ता पुन्हा आला!"

मी तिच्याकडे बघितलं. अंधारातही कळत होतं, हात डोळ्यांवर तसेच.

"वहिनी," मी म्हटलं, "तुझे डोळे मिटलेत ना?"

"हो."

"मग कुठून आला?"

मी दिवा लावला. तिने हात खाली घेतले तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाईने सगळं घर पालथं घातलं होतं आणि उजेड येत होता तिच्या डोळ्याच्या आतून. तिच्याइतकं लेसरमध्ये न मुरलेलं कुणीही माणूस पहिल्याच दिवशी डॉक्टरकडे गेलं असतं.

सकाळी दवाखाना उघडला तेव्हा आम्ही दारात उभ्या होतो. डॉक्टर तरुण, हसरा. त्याने थेंब घातले, वेळ जाऊ दिला, मग भिंगातून बराच वेळ बघितलं. हसू कमी झालं.

"आजी, उजव्या डोळ्याच्या पडद्याला फाट पडलीय. तिच्यातून पाणी मागे शिरलं तर पडदा सुटतो, ओला झालेला कागद भिंतीवरून सुटावा तसा. आजच लेसरने फाटीभोवती डाग देऊन घेऊ."

"म्हणजे फाटलेल्या जागी कडेने टीप मारायची, पुढे फाटू नये म्हणून," मी म्हटलं.

"अगदी बरोबर. आणि डावा डोळा पाहता..." तो थांबला.

वहिनीने विचारलं, "यंत्र कोणतं? हिरवं का?" तो हो म्हणाल्यावर तिचा चेहरा जरा उजळला. तिने त्याला कपाटाएवढ्या यंत्राची, पाण्याच्या नळीची, संडासांची, सगळी कथा ऐकवली. आता ते यंत्र बिस्किटांच्या डब्याएवढं झालं होतं. डॉक्टरने मन लावून ऐकलं आणि म्हणाला, "मग तर काही प्रश्नच नाही. तुम्हाला सगळं माहीतच आहे." मलाही तसंच वाटलं. पण सगळं माहीत असणंच तिला नडलं.

आत गेल्यावर आधी तिने माझ्या चष्म्याची चौकशी केली. तिथल्या नर्सबाईंनी मला नारिंगी चष्मा दिला, वहिनीने तो उजेडाला धरून बघितला, म्हणाली, "ओरखडा आहे, दुसरा द्या." दुसरा आला. मग ती स्टुलावर बसली, हनुवटी टेकवली, कपाळ पट्टीला लावलं. डॉक्टरने डोळा बधिर करून त्यावर एक भिंग बसवलं, म्हणजे पापणी मिटू नये. आणि नेम धरायचा लाल ठिपका सोडला.

वहिनीने मान अशी मागे घेतली की भिंग टप्पकन खाली पडलं.

"होतं असं," डॉक्टर म्हणाला. पुन्हा बसवलं, पुन्हा ठिपका. पुन्हा मान मागे. तिसऱ्यांदा तसंच. वहिनी दर वेळी "सॉरी हां, सॉरी" म्हणत होती आणि हनुवटी पुढे नेत होती. डॉक्टर बिचारा चांगल्या मनाचा. म्हणाला, "आजी, अचानक होतंय म्हणून दचकताय. मी मोजतो, म्हणजे तुम्ही तयार राहाल."

"नको! मोजू नका!" मी ओरडले, पण तोवर तो मोजायला लागलाही होता. तीनला वहिनी एवढ्या जोरात मागे आली की स्टूल घसरून माझ्या पोटात बसलं.

डॉक्टरने दिवा लावला. तो आता हळू बोलत होता. सुई देऊन डोळा पूर्ण सुन्न करता येतो, पण ते ऑपरेशनच्या खोलीत, आणि ती खोली उद्या मिळणार. तोवर फाट वाढली तर लेसरचं काम संपलं, मग मोठं ऑपरेशन. "आणि त्यानंतर नजर किती राहील, ते मला सांगता येणार नाही," तो म्हणाला.

वहिनी मान खाली घालून बसली होती. गालावरून ते औषधाचं चिकट पाणी ओघळत होतं. म्हणाली, "अहो वन्सं, मला घरी घेऊन चला."

माझं डोकंच फिरलं. मी कुठे आहे, समोर कोण आहे, काही राहिलं नाही. "घरी कशाला? आंधळी होऊन माझ्या गळ्यात पडायला? सगळ्या जगाच्या डोळ्यांवर चष्मे चढवलेस आणि स्वतःच्या डोळ्याची वेळ आली तर घरी चला? दादा गेला तेव्हा मी कुणाच्या तोंडाकडे बघून उभी राहिले, आहे ठाऊक? तुझ्या! आता तू माझ्याकडे बघायची नाहीस तर मी त्या घरात काय करू, भिंतींशी भांडू?"

डॉक्टर आणि त्या बाई छताकडे बघत होते. वहिनी म्हणाली, "मला कळतंय गं सगळं. मी माझ्या हाताने बसवलेत ते आरसे. मी स्वतःला सांगतेय, बस, हलू नकोस. पण मला भीती वाटते. मान ऐकतच नाही माझं."

"मग मान माझ्याकडे दे," मी म्हटलं.

तशी डोकं धरायला तिथल्या बाई होत्या. पण मी कुणाला विचारलंच नाही. वहिनीच्या मागे जाऊन उभी राहिले, दोन्ही तळवे तिच्या डोक्यामागे लावले, कोपरं माझ्याच पोटाशी रोवली आणि तिचं कपाळ पट्टीला दाबून धरलं. डॉक्टरने माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि भिंग बसवलं.

मला त्या नारिंगी चष्म्यातून हिरवं काही दिसत नव्हतं. डॉक्टरचा पाय तेवढा दिसत होता, पायाखालचं बटण दाबणारा. पाय दबला की वहिनीचं डोकं माझ्या हातांवर येऊन आदळायचं. एवढीशी बाई, पण काय जोर! इतक्या वर्षांची सवय एकवटून मागे येत होती. मी ढकलून धरत होते. "ओढ, हवी तेवढी ओढ," मी म्हणत होते, "मी आहे इथे." पाय दबायचा, डोकं यायचं. एकदाही ते यायचं थांबलं नाही. तिची भीती काही गेली नव्हती. ती फक्त माझ्या हातांत आली होती आणि तिथून पुढे जात नव्हती.

मध्येच तिने दात आवळून म्हटलं, "सोडू नकोस."

एवढ्या वर्षांत या बाईने मला हुकूम सोडले, टोमणे मारले, माझ्या फोडणीला नावं ठेवली. मागितलं कधी काही नव्हतं. माझे डोळे वाहायला लागले, आणि हात मोकळे नसल्यामुळे मला नाकही पुसता येईना.

"झालं, सोडा आता," डॉक्टर म्हणाला. मी सोडलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं. शेवटी वहिनीच म्हणाली, "सोड गं, मान मोडशील." माझी बोटं एकेक करून उघडावी लागली.

बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. डॉक्टरने सांगितलं होतं, फाटीभोवती डागांचं कुंपण व्यवस्थित बसलंय, पण एवढ्या उजेडानंतर डोळ्यापुढे थोडा वेळ अंधार राहील, घाबरू नका. पुढच्या तपासणीला त्याने पडदा पक्का धरलाय असंही सांगितलं, ते पुढचं. त्या बाकावर मात्र वहिनीने डावा डोळा तळहाताने झाकला, समोर बघितलं आणि म्हणाली, "काही दिसत नाही गं." मी म्हटलं, थांब. ती थांबली. माणसं येत होती, जात होती. मी पुन्हा विचारलं. नाही म्हणाली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. मनात म्हटलं, देवा, हिचा डोळा राहू दे, हवा तर माझा एक घे.

मग कितीतरी वेळाने वहिनीने मान माझ्याकडे वळवली. डावा डोळा तसाच झाकलेला. मी घाईघाईने हात काढून तिच्यापुढे धरला.

"बोटं किती, सांग!"

"बोटं राहू देत," ती म्हणाली. "आधी तोंड पूस. ओघळ पार हनुवटीपर्यंत आलेत."

मी पुसलं नाही. दिसतंय ना तिला, मग बघू दे म्हटलं.